घरात आधीचा कुत्रा, त्यात पिल्लू आणलं : गोट्या पलंगाखालून बाहेर येत नाही

सांजवात (धागाकर्ती)

पोस्ट लांब झाली आहे, आधीच माफी मागते.

आमच्याकडे गोट्या आहे. वय सात वर्षं, मध्यम चणीचा, मिश्र जातीचा. शांत इतका की बेल वाजली तर एकदा भुंकतो आणि मग "आता बघा तुम्ही" अशा चेहऱ्याने आमच्याकडे बघतो. बाहेर इतर कुत्र्यांशी कधी भांडण नाही. त्याला सोबत होईल म्हणून चार दिवसांपूर्वी नऊ आठवड्यांचं पिल्लू आणलं. मादी आहे, नाव ढमी.

घडलं ते असं. मी ढमीला कडेवर घेऊन दारातून आत आले. गोट्या नेहमीसारखा धावत आला. मी खाली बसले आणि तिला सरळ त्याच्या तोंडासमोर धरलं, "बघ कोण आणलंय तुझ्यासाठी!" तो जागच्या जागी ताठ झाला. तिने त्याचं तोंड चाटायला सुरुवात केली, त्याने गुरगुरून दात दाखवले. नवरा जोरात ओरडला आणि गोट्याला आतल्या खोलीत बंद केलं.

तेव्हापासून तो पलंगाखाली. जेवण निम्म्यावर. ढमी दिसली की तोंड फिरवतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, सारखे ओठ चाटतो. ती मात्र त्याच्या शेपटीला लोंबकळायला टपलेली. काल ती पलंगाखाली शिरली तेव्हा त्याने खेकसून हवेत दात आपटले. ती केकाटली. लागलं काही नाही, पण लेक घाबरून रडायला लागली.

हे वाढत जाईल का? तो गुरगुरला की आम्ही काय करायचं? आणि पिल्लू परत द्यावं का? (शेवटचा प्रश्न नवऱ्याचा.)

उंबरा

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. चार दिवसांत कोणी कोणाला परत देत नसतं. नवऱ्यांनाही नाही.

आता गोट्याबद्दल. तुम्ही जे लिहिलंय ते त्याच्या बाजूने वाचा. तोंड फिरवणं, जांभई, ओठ चाटणं हे त्याचं "कृपया लांब राहा" आहे. ते कोणी ऐकलं नाही म्हणून तो गुरगुरला. त्यावर ओरडा खाल्ला आणि खोलीत बंद झाला. मग त्याने स्वतःहून पलंगाखालची जागा शोधली, तर पिल्लू तिथेही पोचलं. तेव्हा हवेत दात आपटले. सात वर्षांच्या कुत्र्याचा नेम नऊ आठवड्यांच्या पिल्लावर चुकत नसतो. त्याने तो चुकवला. घाबरण्यासारखं काही असेल तर ते हे नाही.

घाबरण्यासारखं आहे ते गुरगुरण्याबद्दल ओरडणं. कुत्रा त्यातून एवढंच शिकतो की गुरगुरायचं नाही. आतली अस्वस्थता तशीच राहते. पुढे कधीतरी तो थेट चावतो आणि लोक म्हणतात, "काहीच इशारा दिला नाही हो." दिला होता, आपणच तो बंद करून ठेवला. तो गुरगुरला की शांतपणे पिल्लाला उचला आणि दुसरीकडे न्या. त्याला काही बोलू नका.

माझं स्पष्ट मत : या घरात सध्या संरक्षणाची गरज ढमीला नाही, गोट्याला आहे.

आजपासून पाटी कोरी करा. दोन-तीन दिवस दोघांची नजरानजरच नको. मध्ये दार, नाहीतर लहान मुलांसाठी लावतात तसं जाळीचं गेट आणि त्यावर चादर. पलंगाखालची जागा फक्त त्याची, तिथे ढमी कधीच पोचता कामा नये. तिच्या अंगाला पुसलेलं फडकं त्याच्या खोलीत एका कोपऱ्यात टाका. नाकाशी नेऊ नका. त्याला वाटेल तेव्हा तो वास घेईल, नाही वाटलं तर नाही घेणार. त्याचं फडकं तिच्याकडे. मग एक दिवस खोल्यांची अदलाबदल : तो हॉलमध्ये, ती त्याच्या खोलीत. घरात कोणीतरी नवीन आहे ही बातमी त्याला आधी नाकाने कळू दे. डोळ्यांनी बघणं हा त्यांच्यात नंतरचा भाग.

त्यानंतर भेट, आणि ती घराबाहेर. ज्या जागेवर गोट्याचा हक्क नाही अशा जागी.

सुईदोरा

मी प्राण्यांची डॉक्टर आहे, म्हणून "घराबाहेर" या शब्दावर थांबले. ढमीच्या लसी किती झाल्या आहेत?

पिल्लांच्या मुख्य लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, दर २ ते ४ आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. एवढे डोस का, तर आईकडून आलेली प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ती नेमकी कधी संपतात हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून एक डोस झाला म्हणजे संरक्षण मिळालं असं धरू नका. पार्व्हो या जीवघेण्या उलटी-जुलाबाच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. जिथे अनोळखी कुत्रे येतात-जातात तिथे तिला जमिनीवर ठेवायचं नाही.

पण म्हणून घरात कोंडूनही ठेवू नका. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. कडेवर घेऊन फिरवा. गोट्याच्या भेटीसाठी एखाद्या ओळखीच्यांची गच्ची किंवा बंद आवार बघा. तिथला कुत्रा लसीकरण झालेला असावा, किंवा तिथे कुत्रा नसलेलाच बरा.

पिल्लू चार दिवसांपूर्वीच आलंय. पहिले दहा ते चौदा दिवस तिची शी, उलटी, सुस्ती यांवर लक्ष ठेवा. आधीच शिरलेला आजार याच दिवसांत डोकं वर काढतो. तोवर भांडी, अंथरुण वेगळं. जंतांचं औषध दोघांनाही. गोट्याच्या वार्षिक लसी राहिल्या असतील तर तेही बघून घ्या.

आणि गोट्याला एकदा तपासून आणा. सात वर्षं म्हणजे सांधे, दात, कान, कुठेही दुखणं असू शकतं. ज्याची कंबर दुखतेय त्याच्या पाठीवर कोणी उड्या मारल्या तर तो खेकसणारच. "म्हातारपणी चिडका झालाय" म्हणून आणलेल्या कुत्र्यांपैकी कितीतरी जण मला दुखणाईत निघालेले दिसलेत. निम्मं जेवण दोन दिवस ठीक आहे, पण पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर थांबू नका.

रानवारा

एवढा बाऊ कशाला करायचा? कळपात एक अल्फा, म्हणजे म्होरक्या, असतो. गोट्याला ठरवू द्या, पिल्लू आपोआप वळणावर येईल. आमच्याकडे दोघांना सरळ एकत्र सोडलं, अर्ध्या तासात फैसला. पिल्लू फारच चढायला लागलं तर उलटं पाडून मानेला धरायचं.

उंबरा

रानवारा, हा अल्फा कुठून आला ते सांगतो. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर अभ्यास मांडला. एकमेकांशी नातं नसलेले प्रौढ लांडगे एका आवारात कोंडले होते, त्यांच्यात मारामाऱ्या झाल्या. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या १९७० सालच्या लिखाणातून ही कल्पना घरोघरी पोचली. त्याच अभ्यासकाने मग जंगलात वर्षानुवर्षं लांडगे बघितले आणि १९९९ मध्ये लिहिलं की तिथला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं. कोणी लढून सिंहासन जिंकत नाही. म्हणजे ज्यांच्यामुळे हा शब्द प्रसिद्ध झाला त्यांनीच तो टाकून दिला, आपण अजून धरून बसलोय. आणि कुत्रा म्हणजे लांडगा नाही, हा वेगळाच मुद्दा.

पिल्लाला उलटं पाडून दाबण्याने ते एकच गोष्ट शिकतं : माणसाचे हात भरवशाचे नाहीत.

रानवारा

ठीक, लांडगे मागे घेतो. पण आमच्याकडे जमलं होतं हे खरंय ना?

उंबरा

खरंच आहे. तुमचा मोठा कुत्रा शहाणा होता. श्रेय त्याला द्या.

जाईजुई

मी सहसा फक्त वाचते, पण इथे लिहायलाच हवं. आमचं जमलं नाही.

आमच्याकडे दोघी होत्या. थोरली पाच वर्षांची, धाकटी अडीच महिन्यांची असताना आणली. थोरलीने सगळं सहन केलं. कान ओढणं, अंगावर झोपणं, तोंडातलं खेळणं पळवणं. आम्ही म्हणायचो, किती समजूतदार आहे! धाकटी दारात आडवी बसायची आणि थोरलीकडे टक लावून बघायची. मग थोरली आत यायचीच नाही, वळून परत जायची. आम्ही हसायचो, "बघा कशी दादागिरी." त्याचे व्हिडिओही आहेत माझ्याकडे. आता बघवत नाहीत.

धाकटी दीड वर्षाची झाली आणि एके दिवशी त्याच दारात दोघी भिडल्या. टाके पडले. नंतर तीनदा. पुढची सहा वर्षं एक आत असेल तर दुसरी बाहेर, अशी पाळी लावून काढली. कोणालाच परत दिलं नाही, पण दोघींनाही निम्मंच घर मिळालं.

गोट्या गुरगुरतोय याबद्दल मला उलट बरं वाटलं. आमची कधी गुरगुरलीच नाही. तिला त्याआधीच "शहाणी" म्हणून गप्प केलं होतं आम्ही.

सुईदोरा

जाईजुई, लिहिलंत ते बरं केलंत. एकाच घरातली भांडणं एकाच लिंगाच्या जोड्यांमध्ये जास्त दिसतात, आणि दोन माद्यांची जुंपली तर मिटवणं अवघड जातं. सुरुवात करणारी बरेचदा नंतर आलेली आणि धाकटी असते. सांजवात यांच्याकडे नर-मादी आहेत, ही जोडी त्या मानाने सोपी. मात्र गोट्याची नसबंदी झालेली नसेल तर आत्ताच विचार करा. मादी सहा महिन्यांच्या आसपासही पहिल्यांदा माजावर येऊ शकते.

चष्मेबहाद्दर

एक बाळबोध प्रश्न. ते खेळतायत की भांडतायत हे कसं ओळखायचं? आमच्याकडे आवाज दोन्हीला सारखाच येतो. शेपटी हलत असली म्हणजे सगळं ठीक ना?

उंबरा

शेपटीवर जाऊ नका. उंच, ताठ, झेंड्यासारखी थरथरणारी शेपटी आनंदाची नसते. कमरेपासून सगळं अंग वळवळत असेल, तर ती आनंदाची.

आवाजावरही जाऊ नका. खेळात पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर करतात, ते आमंत्रण. तोंड सैल उघडं असतं. उगाच उड्या, उगाच पडणं. महत्त्वाचं म्हणजे पाळी बदलते : आता हा मागे, मग तो मागे, एकदा हा खाली, एकदा तो. आणि मध्ये मध्ये थांबतात. अंगावरचं पाणी झटकावं तसं अंग झटकतात, पुन्हा सुरू. भांडणात हे काही नसतं. तिथे अंग ताठ, तोंड मिटलेलं, डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसतो, आणि एक क्षण दोघंही पुतळे होतात. तो पुतळ्याचा क्षण दिसला की लगेच लक्ष दुसरीकडे वळवा.

तरी शंका राहिली तर जो जास्त अंगावर येतोय त्याला हलकेच धरून ठेवा. दुसरा परत त्याच्याकडे आला तर खेळ. संधी मिळताच सटकला तर खेळ नव्हता.

सांजवात

सगळ्यांचे खूप आभार. दहा दिवसांनी लिहितेय.

आधी डॉक्टरांकडे. गोट्याच्या एका मागच्या दाढेला तडा गेलाय! आम्हाला पत्ताच नव्हता. औषध सुरू आहे, दाढ काढायची आहे. ढमी तोंडावर उड्या मारायची तेव्हा त्याचं काय होत असेल या विचारानेच कसंतरी झालं. नवऱ्याने त्या दिवशी पलंगाखाली डोकं घालून त्याची बराच वेळ समजूत काढली. काय बोलला ते विचारलं नाही.

तीन दिवस दोघं पूर्ण वेगळे. फडकं पहिल्या दिवशी त्याने बघितलंही नाही, दुसऱ्या दिवशी लांबून मान ताणून हुंगलं, तिसऱ्या दिवशी त्याच्यावर हनुवटी टेकवून झोपला. मग मैत्रिणीच्या गच्चीवर भेट. एका टोकाला मी आणि गोट्या, दुसऱ्या टोकाला नवरा आणि ढमी, दोघेही एकाच दिशेने चालतोय, दोऱ्या सैल. आमनेसामने आणलं नाही. दोघांतलं अंतर हळूहळू कमी केलं. तिच्याकडे बघून तो माझ्याकडे वळला की खाऊ. शेवटी त्याने तिला मागून हुंगलं. मी मनात तीन मोजले आणि त्याला हाक मारून पुढे नेलं. मैत्रीण म्हणाली, एवढंच? हो, एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

घरात आता मध्ये गेट आहे. तिच्या पट्ट्याला घरातही हलकी दोरी असते, म्हणजे ओढून आणताना आरडाओरडा होत नाही. एकत्र वेळ दहा-दहा मिनिटं, आणि तोही ती झोपून उठल्यावर, शू झाल्यावर. आधी आम्ही तिला संध्याकाळी दमवायला बघायचो आणि ती आणखीच चेकाळायची. नंतर कळलं की या वयात पिल्लं दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतात. ती दंगा करत नव्हती, झोपेने हैराण होती. तिचं झोपेचं वेळापत्रक लेकीने लिहून फ्रीजला लावलंय.

गोट्या पलंगाखालून बाहेर आलाय. पूर्ण जेवतोय.

चष्मेबहाद्दर

दाढेचं वाचून मी आमच्या बोक्याचं तोंड उघडून बघायला गेलो. कोणी करू नका.

सांजवात

आज वाईट झालं. गच्चीनंतर सोळावा दिवस.

इतकं छान चाललं होतं की आम्ही सैल पडलो. गेट उघडं, मी सामान लावत होते, पिशवीतून चघळायची कांडी खाली पडली. दोघेही एकदम झेपावले. गोट्याने तिला खाली दाबलं, प्रचंड आवाज. मी मध्ये हात घातला. ढमीच्या कानाला ओरखडा आहे, माझ्या मनगटाला दात लागलेत. कोणाचे ते माहीत नाही. पुन्हा सगळं पहिल्यापासून का?

सुईदोरा

आधी तुमचं मनगट. साबण आणि वाहत्या पाण्याने सलग १५ मिनिटं धुवा. धुतलं असेल तरी पुन्हा. मग आजच डॉक्टरांकडे. कातडी फाटली असेल तर "घरचाच कुत्रा आहे" हे कारण चालणार नाही, कारण ढमीची रेबीजची लस अजून झाली नसणार आणि दात कोणाचे तेही तुम्हाला माहीत नाही. ढमीचा कान मीठ घातलेल्या कोमट पाण्याने पुसा आणि तिलाही दाखवून घ्या. लहान भोकाखाली मोठी जखम असू शकते.

उंबरा

आधी हात दाखवून या, मग वाचा.

भिडलेल्यांच्या मध्ये हात कधीच नाही. गळपट्टाही धरायचा नाही, त्या क्षणी कुत्रा वळून जे समोर असेल त्याला चावतो. मोठा आवाज करा, अंगावर चादर टाका, पाणी ओता, मध्ये खुर्ची किंवा उशी सरकवा. सुटले की दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. समजूत घालायला लगेच समोरासमोर आणू नका. अंगातला ताण उतरायला एक-दोन दिवस जातात, आणि त्या काळात क्षुल्लक कारणही पुरतं.

पहिल्यापासून नाही, पण दोन पायऱ्या मागे या. आणि हे भांडण ढमीशी नव्हतं, कांडीवरून होतं. म्हणून जेवण वेगळ्या खोल्यांत, दार लावून, आणि भांडी लगेच उचलून. तसंही पिल्लाचं खाणं मोठ्याला आणि मोठ्याचं पिल्लाला देणं बरं नाही. चघळायच्या वस्तू फक्त गेटच्या आपापल्या बाजूला. एकत्र असताना जमिनीवर काहीही नको. दरवाजा, सोफ्याची त्याची जागा आणि तुमची मांडी, हीसुद्धा त्याच्या हिशेबात मालमत्ताच आहे. ती मांडीवर असताना तो जवळ येऊन ताठ झाला तर शांतपणे उभे राहा. मांडीच नाहीशी झाली की वाद संपतो.

आणखी एक. सध्या मोठे कुत्रे तिला पिल्लू म्हणून सूट देतायत. चार-पाच महिन्यांची झाली की ही सूट संपते. तेव्हा गोट्या पुन्हा कडक होईल. ते बिघडणं नसेल.

जाईजुई

सांजवात, आम्ही पहिल्या भांडणानंतर "मिटलं एकदाचं" म्हणून गेट काढून टाकलं होतं. तुम्ही काढू नका.

सांजवात

धागा वर काढतेय, तीन महिने झाले. माझ्या मनगटाला टाका पडला नाही, रेबीजची इंजेक्शनं मात्र पूर्ण घेतली.

गेट अजून आहे. आम्ही घरी नसताना आणि रात्री दोघे वेगळे. गोट्याची दाढ काढल्यावर जवळजवळ आठवड्यात तो वेगळाच कुत्रा झाला. ढमीचे दुधाचे दात पडायला लागलेत, एक लेकीला गालिच्यावर सापडला, तिने डबीत ठेवलाय. उंबरा म्हणाले तसंच झालं : गेल्या पंधरवड्यात गोट्या पुन्हा गुरगुरायला लागला. या वेळी कोणी ओरडलं नाही. ढमी आता त्याच्या पहिल्या गुरगुरीलाच मागे सरकते आणि जमिनीला चिकटते. मग तो तिचं डोकं हुंगून निघून जातो.

जीव की प्राण वगैरे काही नाही. फोटोत असतात तसे एकमेकांवर डोकं ठेवून झोपत नाहीत. तो हॉलच्या एका कडेला, ती दुसऱ्या. पण मागच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातून बघितलं, त्याने पुढचे पाय टेकवले आणि ढुंगण वर केलं. ती इतकी गोंधळली की खाली बसली. मी दारात आले तर तो लगेच उभा राहून खिडकीकडे बघायला लागला.

उंबरा

झकास. आणि परत द्यायचं म्हणणाऱ्यांचं काय?

सांजवात

ते रात्री सगळे झोपल्यावर ढमीला गुपचूप खाऊ देतात. गोट्याला हे माहीत आहे, तो तिथेच उभा असतो.

उंबरा

त्यांना सांगा, आधी गोट्याला द्या. आणि गेट लावून.